काकांच्या पेट्यांबद्दल थोडं

भाऊ, तुम्ही आपल्या जादूगार काकांच्या स्टेज शोबद्दल लिहिलं ते बरोबरच, पण माझ्या मते जादूगार म्हणून ते ठीकठाक होते, हात थोडा जडच, खरे काका बघायचे तर वर्कशॉपमध्ये, जादूच्या पेट्या बनवताना. नागपूरला इतवारीत लोहा ओळीत पेट्यांचे कब्जे (बिजागऱ्या) घ्यायला गेले की एकेक कानाशी धरून उघडझाप करायचे, कुरकुरला की परत, दुकानदार पार वैतागायचा. करवतीनं बाई कापायच्या जादूच्या पेटीचा तळ असा तासायचे की समोरून कड पातळच दिसावी (एवढंच सांगतो, बाकी नाही), काळा रंग जरा चमकला की पुन्हा घासा. 1921 मध्ये लंडनला सेल्बिट नावाच्या जादूगारानं हा प्रयोग लोकांसमोर केला अन् 1956 मध्ये जादूगार पी. सी. सरकार तोच बीबीसीवर करत होते तर कार्यक्रम एकदम संपला, लोकांनी पोरगी मेली समजून फोनावर फोन केले, हा किस्सा काका असा रंगवायचे जसं काही करवत यांच्याच हातात होती. आता त्या पेट्या घरीच पडल्या असतील, भंगारात जायच्या आधी कोणीतरी घरच्यांशी बोला ना. फक्त आतले फोटो काढून फिरवू नका राजेहो.