मदत हवी आहे: रुग्णाचा संशय सख्ख्या भावावर, आणि त्याला दवाखान्यात आणणाराही तोच भाऊ

गोदाकाठची_डॉक्टर:
नमस्कार. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला छोटी ओपीडी चालवते. बेड नाहीत, ॲडमिट करायचं झालं तर दुसरीकडे पाठवते. रुग्णाचं वय, गाव, घरातले काही तपशील बदललेत, ओळखायच्या फंदात कुणी पडू नये.

चाळिशीतला शेतकरी, द्राक्षबाग आहे. वडील गेल्यापासून खातेफोड रखडलेली, विहीर सामाईक. गेले काही महिने त्याची पक्की खात्री झालीये की धाकटा भाऊ विहिरीत आणि जेवणात काहीतरी कालवतो. झोप नाही, वजन उतरलंय. आवाज ऐकू येतात का म्हटलं की हसून विषय बदलतो. मागच्या भेटीत बायकोला बाहेर बसवून एकट्याशी बोलले, तेव्हा म्हणाला, "छाटणी उरकू द्या, मग त्याचा बंदोबस्त करतो." कसला बंदोबस्त, यावर गप्प.

आता पंचाईत अशी की त्याला गाडीत घालून आणतो तो हाच भाऊ. फी तोच देतो, फोनही त्याच्याच नंबरवरून. आणि रुग्णाने बजावलंय, यातलं अक्षरही भावाला कळता कामा नये.

भावाला सांगितलं तर गोपनीयता मोडते का? न सांगता काही विपरीत झालं तर? ॲडमिशनच्या अर्जावर सही कुणाची घ्यायची? भाऊ तर वर विचारतोय, चहातून देता येतील असे थेंब लिहून द्या म्हणून.

सीबीएसचा_वकील:
डॉक्टर, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 23 काढा. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, पण त्याच कलमात अपवाद आहेत. दुसऱ्या व्यक्तीला इजा किंवा हिंसेपासून वाचवायला गरज असेल तर माहिती देता येते, मात्र त्या धोक्यापुरतीच. म्हणजे भावाला "तुमच्याबद्दल त्याच्या मनात राग आहे, सध्या एकटे त्याच्यासमोर जाऊ नका" एवढं सांगणं कायद्यात बसतं. निदान, औषधं, बायकोबद्दल तो काय बोलला, हे बसत नाही.

सांगितलंच पाहिजे अशी सक्ती त्या कलमात नाही. तरी उद्या निष्काळजीपणाचा दावा लागला तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, की धोका माहीत असून तुम्ही काय केलंत? आपल्याकडच्या डॉक्टरांच्या परिषदांत तारासॉफ खटल्याचं नाव निघतंच. 1976 चा कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, रुग्णापासून कुणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला वाचवायला वाजवी काळजी घेणं थेरपिस्टचं कर्तव्य, असं सांगणारा. मारेकरी विद्यार्थी भारतातून बर्कलीला शिकायला गेलेला. थेरपिस्टने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं होतं, त्यांनी विद्यार्थ्याला थोडा वेळ ताब्यात ठेवून सोडून दिलं. जिच्या जिवाला धोका होता त्या मुलीला कुणीच काही सांगितलं नाही. आपल्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण वाचून ठेवा.

सहीबद्दल: रुग्ण स्वतः तयार असेल तर कलम 86, सही त्याचीच. तयार नसेल तर कलम 89, अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने उभं राहायला नेमलेल्या माणसाचा. रुग्णाला तपासायला एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे, दाखल करायच्या दिवशी किंवा आधीच्या 7 दिवसांत. मुदत 30 दिवसांपर्यंत. पुरुष रुग्ण असेल तर 7 दिवसांत मंडळाला (अशा दाखल्यांवर देखरेख ठेवणारं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ) कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत.

सरळ_बोलतो:
एवढं कशाला? पोलीस स्टेशनला अर्ज द्या, इनवर्डचा शिक्का घ्या, मोकळे व्हा.

जुना_ओपीडीवाला:
शिक्क्याने डॉक्टर मोकळा होईल हो, भाऊ कसा मोकळा होणार? रुग्णाच्या दारात जीप उभी राहिली की तो परत या डॉक्टरांकडे येणार नाही, औषध तर विसराच. पोलिसांची गरज पडते, नाही असं नाही. आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं वाटलं तर कलम 100 खाली पोलीस स्टेशनच्या प्रभारी अधिकाऱ्याने त्या माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, हे काही वेळा आपल्यालाच त्यांना सांगावं लागतं. पण ती पायरी तो कोयता घेऊन निघाला तरची.

मॅडम, आता धोक्याचं मोजमाप. हा माणूस मारेल का, याचं उत्तर कुणालाच देता येत नाही, मोठमोठ्या प्रश्नावल्यांनाही नाही. तुम्ही एवढंच लिहू शकता की आजच्या घडीला धोका कशाने वाढलाय आणि कशाने कमी होईल. पूर्वी कुणावर हात उगारलाय का, हे सगळ्यात आधी विचारा, आणि बायकोलाही वेगळं विचारा. दारू? संशय एका ठराविक माणसावर रोखलाय, हे वाईट लक्षण. "छाटणी उरकू द्या" म्हणजे त्याने वेळ ठरवलीये, हे त्याहून वाईट. आवाज आज्ञा देतात का, हे न कंटाळता पुन्हा विचारा.

आणि तुम्ही सगळं लक्ष भावावर ठेवलंय. झोप नाही, वजन उतरलंय, वाटणी अडलीये, असा माणूस स्वतःच्या जिवावरही उठू शकतो. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा सपाटा असतो, निफाड-दिंडोरीकडे घराघरांत औषधांचे डबे पडलेले असतात. आत्महत्येचा विचार येतो का, थेट विचारा, विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. फवारणीच्या डब्यांना कुलूप आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाकडे, हे बायकोला आजच सांगा. धोका कमी करणाऱ्या गोष्टींत याच्याइतकी स्वस्त दुसरी माझ्या माहितीत नाही.

चहाचं मात्र स्पष्ट नाही म्हणा. संमतीचा प्रश्न आहेच, पण त्याही आधी बघा, या माणसाची तक्रार काय आहे? भाऊ जेवणात काहीतरी कालवतो. आणि आपण भावाच्या हातात बाटली देऊन म्हणणार, कालवा. ज्या दिवशी त्याला चहाची चव वेगळी लागेल किंवा औषधाने मान अवघडेल, त्या दिवशी त्याचा संशय खरा ठरलेला असेल आणि त्या संशयावर सही तुमची असेल. असे भ्रम औषधाने ओसरताना मी पुष्कळ पाहिलेत. खरा ठरलेला संशय कुठल्या गोळीने घालवायचा?

धाकटी_पाती:
आमच्या घरात असंच होतं, मोठ्याला आजार. सगळे विचारतात धाकटा काय करतोय, पण धाकट्याने चहात औषध का घालावं लागतं हे कुणी विचारत नाही. तीन माणसं धरून गाडीत घालावी लागतात तेव्हा कळतं. डॉक्टरांनी नुसतं नाही म्हणून चालत नाही, मग काय करायचं तेही सांगा.

जुना_ओपीडीवाला:
रास्त बोललात. पाकीट त्याच्यासमोर फोडायचं, गोळी ज्याच्यावर संशय नाही त्याच्या हातून. एका वेळी एकच गोळी, तीही झोपेसाठी म्हणून सुरू करता येते. झोप हवी असते त्यांनाही. खोटं नाही ते, त्या गोळीने झोप येतेच. "डोक्याचं औषध" हा शब्द पहिल्या दिवशी नको इतकंच. पुढे विश्वास बसला की महिन्याच्या इंजेक्शनचा विषय काढायचा, त्याची परवानगी घेऊन.

गोदाकाठची_डॉक्टर:
खूप आभार. प्रतिनिधी म्हणून बायको चालेल का? भाऊ म्हणतो घरातला कर्ता पुरुष मी.

सीबीएसचा_वकील:
कर्तेपणाचा इथे संबंध नाही. कलम 14 प्रमाणे रुग्ण साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा देऊन कुणालाही नेमू शकतो, ती व्यक्ती सज्ञान, सक्षम आणि लेखी तयार असली की झालं. कुणालाच नेमलं नसेल तेव्हा नातेवाईक, मग काळजी घेणारा, असा क्रम लागतो. ज्याच्याबद्दल भीती आहे त्याच्याच सहीने दाखल केलंत तर कागद बरोबर असूनही उद्या मंडळासमोर उत्तरं द्यायला जड जाईल. बायकोचं नाव रुग्णाकडूनच लिहून घ्या.

गोदाकाठची_डॉक्टर:
अपडेट देते. रुग्ण परत आला. आवाज येतात हे या वेळी कबूल केलं, "तो कालवतोय, बघ" असं सांगतात, मार म्हणत नाहीत. पूर्वी मारहाण नाही, दारू नाही. बायकोचं नाव स्वतःच्या हाताने लिहून दिलं. ॲडमिट व्हायला नकार, पण झोपेची गोळी बायकोच्या हातून घेतोय. रुग्णाला आधी सांगूनच भावाशी बोलले: विहिरीवर एकटं जायचं नाही, वाटणीचा विषय सध्या काढायचा नाही. सांगणार म्हटल्यावर रुग्ण चिडला, पण उठून गेला नाही. हे सगळं केसपेपरवर तारीख-वेळेसह आहे, ॲडमिशन का सुचवलं आणि आज सक्तीने का नाही केलं, तेही. बिघडलंच तर आधी जिल्हा रुग्णालय, तिथून गरज पडल्यास ठाण्याचं मनोरुग्णालय, असं बायकोला लिहून दिलंय. सोबत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, 14416.

आता नवीनच. भाऊ म्हणतो, दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा टाकायचाय, "हा वेडा आहे" असं सर्टिफिकेट आणि केसपेपरची झेरॉक्स द्या. फी मीच भरतोय ना, हे वर.

सीबीएसचा_वकील:
फी भरून केसपेपर विकत मिळत नाही म्हणावं. कागद रुग्णाचे. कोर्टाने आदेश काढला तरच, आणि आदेशात मागितलं तेवढंच. सर्टिफिकेटचं म्हणाल तर कलम 3 स्पष्ट आहे, मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवायचं. भावाने मागणी केली आणि तुम्ही नकार दिलात, हेही त्याच केसपेपरवर लिहा, आजच्या तारखेने.

जुना_ओपीडीवाला:
आणि मॅडम, पुढच्या वेळी भावाला फी देऊ देऊ नका. बायकोकडून घ्या, कमी घ्या, पण पावती रुग्णाच्या नावाने फाडा.