शब्दचर्चा : 'स्कीमा'ला मराठीत काय म्हणायचं? आराखडा, साचा की नमुना?

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी शनिवारी ऑपरेटिंग सिस्टीमचा जादा तास घेते. वर्गातली बरीच मुलं भोर, जुन्नर, इंदापूरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली. गेल्या शनिवारी विषय होता लिनक्सचा नेटलिंक, म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि बाहेरचे प्रोग्राम नेटवर्कबद्दल ज्या प्रोटोकॉलने बोलतात तो. या संदेशांची रचना यंत्राला वाचता येईल अशी यामल फायलींत, म्हणजे ठरावीक मांडणीच्या साध्या मजकूर फायलींत, कशी लिहून ठेवतात, ते शिकवायचं होतं. अशा फायलीलाच मी स्कीमा म्हणत होते.

मी फळ्यावर लिहिलं, 'नेटवर्क प्रोटोकॉलचा आराखडा', आणि सांगितलं की एका इंटरफेसच्या, म्हणजे संगणकाच्या एका नेटवर्क जोडणीच्या, माहितीचा आराखडा वहीत मांडा. फिरून बघते तर सात-आठ जणांनी राउटर आणि स्विच काढून तारांनी जोडलेले. एका मुलीने तर पट्टी लावून मजल्याचा नकाशा काढला होता, खोल्यांसकट. यात तिची काहीच चूक नाही. पुण्यात वाढलेल्या कुणालाही आराखडा म्हटलं की विकास आराखडाच आठवणार.

शिवाय आराखडा पुढे व्हायच्या गोष्टीचा असतो. रस्ता अजून झालेला नसतो, आराखड्यात तो दाखवलेला असतो. इथे उलटं आहे. नेटलिंक कितीतरी वर्षं चालू आहे, त्याचं वर्णन करणारा दस्तऐवज, आरएफसी ३५४९, सुद्धा २००३ चा. यामल फायली कर्नलमध्ये आल्या त्या ६.३ या आवृत्तीत, २०२३ साली. जे चालूच आहे त्याचं नीट वर्णन करणाऱ्या गोष्टीला आराखडा कसं म्हणायचं?

मला शब्द हवा आहे तो वर्गात उभं राहून बोलता येईल असा. संस्कृत जोडशब्द मी स्वतःच करू शकते, मुलं ते पाठही करतील, पण त्यांना त्यातून काही दिसणार नाही.

छापखान्यातला, नारायण पेठ :
ताई, मला कॉम्प्युटरचं फारसं कळत नाही, पण अठ्ठावीस वर्षं खिळे जुळवले आहेत. एकाच मापाने पुन्हा पुन्हा वस्तू काढायची तर आम्ही साचा म्हणतो. गणपतीचा साचा, मोदकाचा साचा. तुमच्या त्या फायलीतून काही 'निघतं' का? निघत असेल तर साचा म्हणा.

मी :
काका, निघतं. त्या फायलीवरून सी भाषेतला कोड आपोआप तयार होतो, त्यामुळे तुमच्या शब्दात तथ्य आहे. माझी अडचण दोन ठिकाणी आहे. मराठी विकिपीडियाने 'टेम्प्लेट'साठी साचा घेतला आणि तो आता रुळलाय. दुसरं म्हणजे साच्यातून वस्तू काढता येते, पण समोर आलेली मूर्ती कुठे बिघडली आहे ते साचा सांगत नाही. ही फाईल ते सांगते. अमुक आकडा एवढ्यापेक्षा मोठा नको, अमुक नाव एवढ्या लांबीचं हवं, अशा अटी तिच्यात लिहिलेल्या असतात आणि त्यांवरून आलेला संदेश तपासता येतो.

तलाठ्याची लेक :
मग नमुना म्हणा की! आमच्या घरात हा शब्द सकाळ-संध्याकाळ असायचा. सातबारा म्हणजे काय, तर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये हक्क, बारामध्ये पिकं. फेरफार नमुना सहामध्ये, खातेदाराची एकत्र जमीन आठ-अ मध्ये. कुठल्या रकान्यात काय यायचं ते ठरलेलं. एकर लिहायचं की हेक्टर-आर, तेही ठरलेलं. म्हणून तर शिरूरचा उतारा मुळशीतला माणूस वाचू शकतो. तुम्ही म्हणता ती फाईल मला तरी अशीच वाटते.

मी :
ताई, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी उठून वही आणली. 'रकाना' हा शब्द तर माझ्या डोक्यातच आला नव्हता! मी 'ॲट्रिब्यूट'ला गुणधर्म म्हणत होते आणि मुलं विचारायची, गुणधर्म कशाचा? पाणी पातळ असतं तसा? नेटलिंकमध्ये ॲट्रिब्यूट हा खरोखरच रकाना असतो. आधी दोन बाइट लांबी, मग दोन बाइट क्रमांक, मग मजकूर.

इंटरफेसचा एमटीयू (एका वेळी पाठवता येणाऱ्या पॅकेटचं कमाल माप, बाइटमध्ये) १५०० असेल, तर साध्या पीसीवर तो रकाना असा दिसतो :

८, ०, ४, ०, २२०, ५, ०, ०

८ ही एकूण लांबी. ४ हा रकान्याचा क्रमांक, एमटीयूचा ठरलेला. मग चार बाइटमध्ये १५००, लहान टोक आधी : २२० अधिक ५ गुणिले २५६. नमुना हाताशी नसेल तर हे नुसते आकडे आहेत. नमुन्यात ओळ असते, 'नाव : एमटीयू, प्रकार : यू३२' (यू३२ म्हणजे चार बाइटमधली, ऋण नसलेली पूर्ण संख्या), आणि मग ते पायथनमधल्या छोट्या प्रोग्रामलाही वाचता येतात, त्याला एमटीयू काय असतं हे माहीत नसलं तरी.

आता इंटरफेसचं नाव. संगणक ज्यावरून घरच्या घरी, स्वतःशीच बोलतो त्या 'एलओ' इंटरफेसचं :

७, ०, ३, ०, १०८, १११, ०, ०

लांबी ७ लिहिली आहे आणि बाइट आठ आहेत. दोन अक्षरं, शेवट दाखवणारं एक शून्य आणि सुरुवातीचे चार, झाले सात. पुढचा रकाना चारच्या पटीत सुरू व्हावा म्हणून आठवं शून्य घातलेलं आहे, ते लांबीत धरत नाहीत. काका, या शेवटच्या शून्याला काय म्हणू? 'पॅडिंग' म्हणते सध्या.

छापखान्यातला, नारायण पेठ :
भर. ओळ मापाला बसली नाही की आम्ही कोरे खिळे घालायचो. अक्षरापेक्षा बुटके, म्हणजे कागदावर उमटत नाहीत, पण जागा धरतात. 'ओळीला भर घाल' असंच म्हणायचे.

मी :
भर. घेतला.

हिंजवडी फेज दोन :
कर्नलवर काम करतो म्हणून एक दुरुस्ती. मॅडम, तुम्ही ज्याला स्कीमा म्हणताय ते स्पेक (स्पेसिफिकेशन) आहे. या कामाची सुरुवात करणारे याकुब किचिन्स्की आणि बाकीची मंडळीही हे दोन शब्द वेगळे ठेवतात. प्रत्येक फॅमिलीची, म्हणजे नेटलिंकवरच्या एका विषयाच्या संदेशांच्या गटाची, एक यामल फाईल, ती स्पेक. ती कशी लिहायची हे ठरवणाऱ्या फायली वेगळ्या, त्या स्कीमा. अशा चार आहेत. नव्या फॅमिलींना कडक नियम. जुन्यांच्या खोडी सांभाळायला 'लेगसी' नावाची वेगळी, कारण चालू प्रोटोकॉल आता बदलता येत नाही, वर्णनालाच जुळवून घ्यावं लागतं. दोन्हीला एकच शब्द दिलात तर मुलं पुढे कागदपत्रं वाचताना अडकतील.

मी :
मान्य. शीर्षकातच माझी चूक आहे, ती तशीच ठेवते. म्हणजे तीन पायऱ्या झाल्या. भरलेला कागद म्हणजे संदेश. कोरा नमुना म्हणजे स्पेक. आणि नमुने कसे असावेत हे सांगणारी ती नियमावली, म्हणजे स्कीमा. तलाठ्याच्या दप्तरातही या तिन्ही पायऱ्या आहेतच, गाव नमुने काही तलाठी ठरवत नाही. नियमावली हा शब्द सोसायटीच्या नोटीस बोर्डावरही असतो, त्यामुळे मुलांना परका नाही.

आता 'मशीन-रीडेबल'. कोशातल्यासारखा 'यंत्रवाचनीय' मला पटत नाही. मराठीत वाचनीय म्हणजे वाचण्यासारखं. वाचनीय दिवाळी अंक, वाचनीय लेख. यंत्रवाचनीय फाईल म्हणजे यंत्राने आवर्जून वाचावी अशी फाईल होते. 'यंत्रवाच्य'वर आक्षेप येईल की वाच्य म्हणजे बोलण्याजोगं, 'वाच्यता करू नको'मधलं. पण 'सुवाच्य अक्षर' आपण रोज म्हणतो आणि तिथे वाच्य म्हणजे वाचता येण्याजोगंच. सुवाच्य शाळेपासून कानावर असल्याने यंत्रवाच्य समजावून सांगावं लागणार नाही.

तलाठ्याची लेक :
एका रकान्याच्या आत आणखी रकाने असतात का हो? कारण जमिनीत पोटहिस्सा असतो. गट एकच, आत तुकडे.

मी :
असतात! 'नेस्टेड' म्हणतात. पोटरकाना. पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू, पोटहिस्सा… मराठीने 'आतला उपविभाग' याला पोट हा शब्द किती वर्षं आधीच दिलेला आहे आणि मी 'अंतर्भूत गुणधर्म' असं लिहीत बसले होते.

हिंजवडी फेज दोन :
'डंप'ला काय? एका इंटरफेसची नाही, सगळ्यांची माहिती मागायची, उत्तर अनेक संदेशांत येतं आणि शेवटी 'संपलं' असा संदेश.

मी :
उतारा. वहीत असलेलं तसंच उतरवून देणं. उताऱ्याचे दुसरे अर्थही आहेत, विषावरचा उतारा, परीक्षेतला उतारा, पण 'सातबाऱ्याचा उतारा' ऐकून वाढलेल्या मुलाचा गोंधळ होणार नाही. 'प्रोटोकॉल' मात्र मी प्रोटोकॉलच ठेवणार. राजशिष्टाचार मंत्र्यांच्या दौऱ्याला शोभतो. दोन प्रोग्राममध्ये आचार आहे, शिष्टपणाचा संबंध नाही.

तलाठ्याची लेक :
नमुन्यात शेवटी 'शेरा' रकाना असतो. तुमच्या फाईलमध्ये?

हिंजवडी फेज दोन :
'डॉक' म्हणून ओळ लिहिता येते, कुठल्याही रकान्याखाली. त्याला शेरा चालेल.

मी :
नाही चालणार. शेरा कागद भरणारा मारतो, 'पड', 'विहीर आहे' वगैरे. डॉक नमुना करणारा लिहितो, रकान्यात काय अपेक्षित आहे ते सांगायला. छापील अर्जाच्या तळाला बारीक अक्षरात असते ती 'टीप'. टीप घेते. येत्या शनिवारी फळ्यावर पहिली ओळ अशी असेल : 'नेटलिंकचा यंत्रवाच्य नमुना : रकाने, पोटरकाने, टिपा'. आणि त्या पट्टीवाल्या मुलीलाच पुढे बोलावून 'एलओ'चा रकाना भरायला सांगणार आहे, भरीसकट.