ब्रह्मानंदी 'टाळी' लागते ती कोणती?

निशिगंध
बाबांची जुनी वही इंग्रजीत करते आहे, कॅनडात वाढलेल्या भाच्यांसाठी. कुमार गंधर्वांची मैफल ऐकून आल्यावर रात्री त्यांनी लिहिलंय : "शेवटच्या निर्गुणी भजनाला ब्रह्मानंदी टाळी लागली. किती महिन्यांनी जीव मोकळा झाला." मी टाळी म्हणजे हाताची टाळी धरली, आत्मा आनंदाने टाळ्या देतोय अशा अर्थाने. मोठा भाऊ म्हणाला, चूक, ही टाळी हाताची नव्हेच. मग कसली? तो सांगू शकला नाही. पुढचं वाक्यही अडलंय. जीव मोकळा होणं म्हणजे सुटका, हलकं वाटणं की रडून मोकळं होणं?

पखवाजी
हाताचीच. भजनात हात वर करून टाळी वाजवत नाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. जीव आणि शिव हे दोन तळवे, ते एकमेकांना भेटले की टाळी. आमचे बुवा असंच सांगायचे. शिवाय तालातली टाळी आहेच : तीनतालाच्या १६ मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, सगळी सभा एका श्वासावर येते, तीच ती टाळी.

दौत
बुवांचा अर्थ गोड आहे, पण क्रियापद बघा. हाताची टाळी वाजते, देतात, पिटतात, हशा मिळाला की घेतातही. ती कधी 'लागत' नाही. लागते ती समाधी, तंद्री, ध्यान, डोळा. आणि दार, कुलूप. माझ्या मते ही टाळी टाळ्याच्या कुळातली. टाळं लावणं, टाळेबंदी, हिंदीतला ताला. इंद्रियांची दारं बंद झाली, कुलूप लागलं, म्हणूनच 'ब्रह्मानंदी लागली टाळी, कोण देहाते सांभाळी' या ओळीत पुढे देह कोण सांभाळणार असा प्रश्न येतो. हात वाजवायला शुद्ध लागते हो.

पखवाजी
समेवर हात आपोआप जातो, त्याला शुद्ध लागत नाही. पन्नास वर्षं वाजवतोय.

माळवी
इंदूरहून लिहितो. उत्तरेकडच्या संतवाणीत आणि नाथपंथी पदांत 'तारी लागना', 'ताली लागी' सर्रास येतं, अर्थ सरळ समाधी. पंजाबीत तर मौज आहे : 'ताड़ी' म्हणजे हाताची टाळी आणि 'ताड़ी' म्हणजेच ध्यानाची एकतानता, शब्द एकच. गुरु ग्रंथसाहिबात तो ध्यानाच्या अर्थाने येतो, आणि त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. तेव्हा हा शब्द नाथ जोग्यांबरोबर हिंडलेला दिसतो.

ताई, तुमच्या वडिलांना तो कुमारजींच्या भजनाला आठवावा हे मला फार बरोबर वाटतं. क्षयामुळे ते १९४८ मध्ये देवासला आले, पुढे काही वर्षं गाणं बंद. त्या काळात माळव्याची लोकगीतं आणि जोग्यांची भजनं त्यांच्या कानात मुरली. श्वास जपून वापरावा लागणाऱ्या माणसाने ती पुढे गायली. तो तुटक, फेकलेला स्वर आणि मागची शांतता ऐकताना आमच्याकडे आजही लोक म्हणतात, तारी लग गई.

अबोली
त्राटकावरून, म्हणजे एकटक बघत करायच्या ध्यानावरून, ताडी आलं असेल का? किंवा टाळूवरून? खेचरी मुद्रेत जीभ टाळूला लावतात ना.

दौत
त्राटकातला 'क' कुठे गेला ते सांगा, मग मानतो. टाळू मात्र विचार करण्यासारखं आहे.

निशिगंध
दौतकाका, मला तुमच्या कुलपाचीच अडचण होतेय. बाबा पुढच्याच वाक्यात मोकळा झालो म्हणतात. कुलूप लागलं आणि मोकळा झालो, एका दमात? त्या वर्षी आजी गेली होती. ते कुणाशी बोलत नसत. त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी आईला उठवून चहा मागितला, आणि पहाटेपर्यंत बोलत बसले. हे आईने सांगितलेलं.

म्हापसेकर
विरोध नाही त्यात. वास्कोला दामोदराचा सप्ताह असतो, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होऊन चोवीस तास अखंड भजन. एका वर्षी पहाटे तीनच्या पाळीला मी टाळ धरून उभा होतो. बाहेर पाऊस, आत झांजा. मध्येच कधीतरी पावसाचा आवाज बंद झाला. पाऊस पडतच होता, मला ऐकू येईना. नोकरी गेल्याची काळजी होती, तीही ऐकू येईना. बाहेरचं लागलं की आतलं उघडतं, मी तरी असंच अनुभवलं.

अबोली
अंगावर काटा आला. आमच्या पिढीत मात्र गरम जिलेबी खाल्ली तरी 'ब्रह्मानंदी टाळी लागली' म्हणतात. मीही म्हणते.

दौत
तेच खुपतं. शतकानुशतकं जपलेला समाधीचा शब्द जिलेबीच्या पाकात बुडवायचा? उद्या खरंच गाण्याने भान हरपलं तर कोणता शब्द उरेल? मग 'ट्रान्स' म्हणत बसायचं.

म्हापसेकर
काका, शब्द वापरला म्हणून झिजत नाही. 'आनंद' आपण पोहे चांगले झाले तरी म्हणतोच. माझी आई नेवऱ्या तळताना भजन म्हणायची, तिला दोन्हीत फरक नव्हता.

दौत
आईंना नमस्कार. पण फरक आहे.

पखवाजी
मुद्दा भरकटला. मैफलीत टाळ्या वाजवाव्यात का, हे कुणी बोलतच नाही. भैरवीचा शेवटचा स्वर विरायच्या आत टाळ्यांचा कडकडाट होतो, तेव्हा मला वाजवलेलं सगळं पुसल्यासारखं वाटतं.

माळवी
अगदी. आणि पखवाजीदादा, तुमच्याच दारातला एक शब्द राहिला : लय. गाण्याची लय आणि विलयातला लय. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात समाधी, उन्मनी, लय हे शब्द एकाच अवस्थेची नावं म्हणून ओळीने दिलेत आणि पुढे नादाची उपासना सांगितली आहे. नादाने मन विरघळतं तो लय. टाळी समजावायची तर ताईंनी भाच्यांना हा शब्द सांगावा.

निशिगंध
विरघळणं. हे बाबांच्या जवळचं वाटतं. पण 'जीव मोकळा' अजून तसाच आहे.

अबोली
'लय भारी'तला लय हाच का?

दौत
नाही. तो 'लई'. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

पखवाजी
आमच्या कऱ्हाडकडे 'लय'च म्हणतात, 'लई' नाही.