मिठाच्या पाण्यात खिळे घातले, पाणी हिरवं का झालं?

नववीचा बाबा: काल रात्री लेकीने ओट्यावर इलेक्ट्रोलिसिसचा, म्हणजे पाण्यात वीज सोडून त्यातले पदार्थ वेगळे करायचा, प्रयोग मांडला. ग्लासभर पाणी, दोन चमचे मीठ, ९ व्होल्टची बॅटरी, दोन खिळे. ऋण खिळ्यावर भराभर बुडबुडे आले. धन बाजूला क्लोरीन येईल असं पुस्तक म्हणतं, पण तिथे ना बुडबुडा ना वास. पाणी शेवाळासारखं हिरवट झालं, सकाळी बघतो तर तळाला विटकरी गाळ. मिठात भेसळ असेल का?

निकेलवाला, भोसरी: मीठ चांगलंय हो, खिळा गेला! धन बाजूचा खिळा पुसून बघा, खरवडल्यासारखा झाला असेल. क्लोराइडचा इलेक्ट्रॉन ओढण्यापेक्षा लोखंडाचा ओढणं सोपं, म्हणून लोखंडच विरघळलं. ऋण बाजूला पाण्यातून हायड्रोजन सुटतो, हायड्रॉक्साइड मागे उरतं. लोखंडाची त्याच्याशी गाठ पडली की हिरवट गाळ, हवा लागली की विटकरी. क्लोरीनच बघायचा असेल तर धन बाजूला पेन्सिलचं शिसं लावा, खिडकी उघडी ठेवा आणि दोन मिनिटांत आवरा.

तुमच्या ग्लासात जो घोळ झाला त्यावर माझं बावीस वर्षं पोट चालतंय: विजेने नळांवर निकेलचा मुलामा चढवतो. आमच्या टाकीत धन बाजूला निकेल, ऋण बाजूला पितळी नळ. निकेल इकडे विरघळतं, तिकडे नळावर चढतं. हिशेब फॅरडेच्या नियमाचा, जेवढी वीज तेवढा धातू: १०० अँपिअर तासभर दिले की कागदावर १०९ ग्रॅम निकेल, हातात थोडं कमी. क्रोमच्या टाकीत मात्र धन बाजूला शिसे धातूची पट्टी असते (पेन्सिलीतलं नव्हे), ती क्रोम देत नाही; क्रोमिक ॲसिड वरून घालत राहावं लागतं.

एकदा नव्या पोराने रेक्टिफायरच्या, म्हणजे टाकीला एकाच दिशेचा करंट देणाऱ्या यंत्राच्या, वायरी उलट्या जोडल्या. नळांवर निकेल चढायच्या ऐवजी नळच टाकीत उतरले! पितळेतलं तांबं-जस्त बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात, गेलं आणि पुढचा माल काळपट निघायला लागला. शेवटी मालाऐवजी नालीदार पत्रा टांगून कमी करंटवर दोन दिवस डमी चालवली, ती घाण पत्र्यावर ओढून घेतली, तेव्हा कुठे बाथ सुधारला.

शाळेतली बाई: मिठाऐवजी धुण्याचा सोडा घ्या, दोन्हीकडे पेन्सिलचं शिसं. क्लोरीनचा प्रश्नच नाही. हायड्रोजन ऑक्सिजनच्या जवळजवळ दुप्पट भरतो. स्टीलचा चमचा मात्र अजिबात नको, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं.

नववीचा बाबा: आभार! लेक विचारतेय, मग ॲल्युमिनियमही असंच पाण्यातून काढतात का?

निकेलवाला, भोसरी: हुशार आहे पोरगी. नाही, पाणी असलं की हायड्रोजन आधी नंबर लावतो, ॲल्युमिनियमची पाळीच येत नाही. म्हणून अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी १८८६ मध्ये वेगवेगळं तेच केलं: वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या खनिजात ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) विरघळवून त्यातून करंट सोडला. साधारण ९६० अंश तापमान, किलोमागे तेरा-चौदा युनिट वीज. तिथेही धन बाजूचा कार्बन झिजतोच, जळून जातो.

नववीचा बाबा: पेन्सिल तासून झाली. फरशी पुसायच्या ब्लीचसारखा वास आला, लेक खूश. बायकोने खिडकीबरोबर दारही उघडलं आणि ग्लास आता माझा म्हणून वेगळा ठेवलाय.