शब्दचर्चा: गोधडीच्या ‘ब्लॉक’ला मराठीत काय म्हणायचं?

सुईदोरा (इंदूर)

आम्ही आठ जणी दर गुरुवारी दुपारी राजेंद्रनगरात जमतो. यंदा ठरलंय बारमाही गोधडी करायची. एकेका मराठी महिन्याचा एक चौकोन, प्रत्येकावर त्या महिन्याचं काहीतरी: चैत्राला कैरी, ज्येष्ठाला वड, श्रावणाला बेलाचं पान, आश्विनात झेंडू, कार्तिकात पणती, फाल्गुनात पळस. असे चौकोन सुटे सुटे शिवून शेवटी जोडायचे. त्या सुट्या चौकोनाला शिवणाच्या इंग्रजी पुस्तकांत ब्लॉक म्हणतात. मला तो शब्द काही रुचेना, म्हणून मी मोठ्या हौसेनं ‘खण’ असं बारसं करून टाकलं. कपाटाला खण असतात, जुन्या घरांना खण असतात, मग गोधडीला का नाही?

ग्रुपवर लिहिलं, “पुढच्या गुरुवारी प्रत्येकीनं श्रावणाचा खण आणावा.”

गुरुवारी तिघी जणी ओटीचा खण घेऊन आल्या. एकीनं नारळही आणला होता आणि दारातूनच विचारलं, “ओटी कुणाची भरायचीय गं? कळवलं नाहीस ते!” नारळाची बर्फी झाली, शब्द मी मागे घेतला. आता तुम्हीच सुचवा.

काठपदर

‘घर’ म्हणा की. सारीपाटात घर, बुद्धिबळात घर, कुंडलीत घर. बारा महिन्यांची बारा घरं, कुंडलीसारखीच.

लोकरगुंडी (इंदूर)

काठपदरताई, पुण्यात चालेल, इथे नाही चालायचं. इंदुरात आम्ही विणकाम शेजारणींकडून शिकलो, म्हणजे हिंदीतून. “साठ घर डालो, फिर दो घर बंद करो.” घर म्हणजे सुईवरचा टाका. माझ्या सासूबाई मराठी बोलतानासुद्धा “ऐंशी घरं टाकलीत” असंच म्हणतात. त्यांना “श्रावणाचं घर झालं” असं सांगितलं तर त्या स्वेटर मागतील.

गंमत म्हणजे क्रोशाला आपल्या बायकांनी अस्सल मराठी शब्द केले. साखळी, खांब, मुका खांब. ‘मुका खांब’ हा शब्द ज्या कुणी बाईनं पहिल्यांदा उच्चारला तिला माझा नमस्कार. गोधडीच्या वेळीच आपण असे का अडतोय?

सुईदोरा

कारण आज्यांच्या गोधडीला ब्लॉक नव्हतेच! जुनेरं, धोतरं एकावर एक अंथरायची, कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत आत यायचं. वरचे तुकडे जसे हाताला लागतील तसे. आधी सुटा चौकोन करून मग जोडायचा हा प्रकार नवा आहे, म्हणून शब्दही नवा लागतोय.

तुळशीपत्र

सोपं आहे, ‘ठिगळ’. पॅचवर्क म्हणजे ठिगळकाम.

जुनी पेढी (इंदूर)

ताई, इथे मला बोलावंच लागेल. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात पेढीवर बसून माझी हयात गेली. ठिगळाला आधी भोक लागतं. कापड फाटलं, त्यावर दुसरं बसवलं, ते ठिगळ. म्हणून तर ‘आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार’ म्हणतात. दोन धड तुकड्यांच्या कडा एकमेकींना शिवल्या तर तो जोड. तुमच्या चौकोनात दोन्ही प्रकार दिसतायत. झेंडूची पाकळी कापून मूळ कापडावर बसवून शिवली तर तिला एक वेळ ठिगळ म्हणा, भोक नसलेलं. पण त्रिकोण-त्रिकोण शिवून पतंग केला तर तो जोड. दोन्हींची करणीच निराळी आहे. ठिगळात कडा मुडपून वरून टाके घालायचे, जोडात उलट्या बाजूनं टीप मारायची.

आता आलोच आहे तर दुसरंही सांगतो. शिंप्याकडे उरतं त्याला इथे सगळे ‘कतरन’ म्हणतात. मराठीत ‘कात्रण’ म्हटलं की वर्तमानपत्राचं. आणि ‘चिंधी’ म्हटलं तर नव्या कोऱ्या कापडाचा अपमान. एकदा मी पुण्याच्या पाहुण्यांना “कात्रणं देऊ का, पोतंभर आहेत” म्हणालो, तर ते म्हणाले, “वा, कुठल्या सालापासूनची?”

तुळशीपत्र

ठिगळ मागे घेते, काका.

वाकळ (माहेर कोल्हापूर)

‘गोधडी’ तरी का? आमच्याकडे वाकळ. गोधडी मी पुस्तकात वाचली, पांघरली ती वाकळच.

काठपदर

बाळाची असेल तर दुपटं, चार पदरी असेल तर चौघडी, कापूस भरला तर दुलई नाहीतर रजई. वाकळ, गोधडी जुन्या कपड्यांच्या. पासोडी हाही एक जुना शब्द. संतकवी दासोपंतांनी ज्या लांबलचक कापडावर ‘पंचीकरण’ हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहिला ती पासोडी अंबाजोगाईला आहे. १६व्या शतकातली गोष्ट. ती पांघरायची वस्तू राहिली नाही, हे खरं.

नवखा

गोधडी म्हणजे गो + धड, गाईच्या अंगासारखी उबदार, असं मी कुठेतरी वाचलं आहे.

काठपदर

फॉरवर्डमध्ये वाचलं असेल. शेजारी जरा कान देऊन ऐका. गुजरातीत गोदडी, माळवीत गोदड़ी, हिंदीत गुदड़ी. धड कुठेच नाही, आणि हिंदीत तर ‘गो’सुद्धा नाही. गाय बिचारी विनाकारण आणली गेली. व्युत्पत्ती अशी एकाच भाषेत फोड करून निघत नाही.

सुईदोरा

मूळ प्रश्नाकडे येऊ. मध्येच एक नवी अडचण उभी राहिली आहे. आमच्यातल्या एकीच्या मुलीनं अमेरिकेहून ऋतूंच्या ब्लॉकचे नमुने पाठवले. हिवाळ्याला बर्फाचा कण, वसंताला ट्यूलिप, उन्हाळ्याला सूर्य आणि ‘फॉल’ला, म्हणजे तिकडच्या पानगळीला, मेपलचं लाल पान. तिनं वाचून दाखवलं, “हा फॉलचा ब्लॉक.” कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या, “साडीला लावायचा फॉल? तो चौकोनी कशाला?” हसून झाल्यावर मी फॉलचं भाषांतर ‘शरद’ केलं. बरोबर ना?

काठपदर

शब्दकोशात चालेल, गोधडीवर नाही. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस सरलेला, आभाळ धुतलेलं, कोजागरीचं चांदणं, शेतात पीक उभं. त्यात पानं गळत नाहीत. पानगळ आपल्याकडे शिशिरात, माघ-फाल्गुनात. म्हणजे मेपलच्या जागी काही करायचंच असेल तर वाळलेलं पान माघात घ्या आणि शरदाला पांढरा चंद्र द्या, खाली दुधाची वाटी. आणि त्या चारांत पावसाळा कुठे आहे? आपले ऋतू सहा, दोन-दोन महिन्यांचा एक. चाराचं माप सहाला बसवायला गेलात तर वर्षा ऋतूच कापला जातो.

लोकरगुंडी

तिकडचे नमुने टाकाऊ नाहीत हं. त्यांची नावं बघा: उडती बदकं, अस्वलाचा पंजा, लाकडी ओंडक्यांचं घर. त्या बायकांनी जे रोज पाहिलं त्याचंच नाव भूमितीला दिलं. उडती बदकं म्हणजे एका मोठ्या त्रिकोणाला दोन बाजूंनी दोन छोटे त्रिकोण, बस्. आपण तेच तीन त्रिकोण शिवून त्याला ‘पतंग’ म्हणू. संक्रांतीचा नमुना तयार.

जुनी पेढी

संक्रांतीला इंदुरात गिल्ली-डंडाही असतो, तोही शिवा. (मराठीत विटीदांडू, माहीत आहे. इथे जन्मलेल्याला विटी म्हटलं की भिंतीची वीट आठवते.)

माळवणकर (इंदूर)

भाद्रपदासाठी सांगते. पितृपक्षात इथल्या मुली भिंतीवर शेणाची ‘संजा’ काढायच्या. आम्ही मराठी मुलीही जायचो, भोंडल्याच्या आधीचा पंधरवडा संजाचा. पौर्णिमेला पाटला, बीजेला बीजणा म्हणजे विंझणा, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल आणि शेवटी मोठा किलाकोट. शेणाच्या रेषेवर गुलतेवडीच्या पाकळ्या टोचायच्या. तो रोज एक चौकोनच असतो बघा, रोजचं चित्र वेगळं, भिंत तीच. तुमच्या गोधडीची ही थोरली बहीण.

आणि तिथेच तुमचा शब्द सापडतो का बघा. अंगण सारवून रांगोळीची चौकोनी आकृती भरतात तिला इथे ‘चौक’ म्हणतात. “चौक पूरो.” मराठीत वाड्याला चौक असतो. चौकोनी जागा आणि आत काहीतरी मांडलेलं, दोन्ही अर्थ त्यात आहेत.

काठपदर

यावर माझा आक्षेप शून्य, उलट भर घालते. लावणीच्या कडव्यालाही चौकच म्हणतात. प्रत्येक चौक स्वतंत्र, पण पालुपदानं बांधलेला. आणि चौक घेतलात की पुढचे शब्द आपोआप येतात. दोन चौकांच्या मधली जी अरुंद पट्टी असते, तिला बोळ म्हणा. चौक, बोळ, चौक. बाहेरून काठ आणि कडेला गोट.

वाकळ

बोळ! माझ्या डोळ्यांसमोर आख्खं गावच उभं राहिलं. पण काठ-गोट आधीपासून आहेतच, ते घेतले यात तुमचं काय कर्तृत्व?

जुनी पेढी

काहीच नाही, आणि तेच बरं. आणखी एक आयता शब्द फुकट पडला आहे. कडेला शिवणीसाठी जादा कापड ठेवतात त्याला मराठी शिंपी ‘माया’ म्हणतात. “पाव इंच माया सोडून काप.” आमच्या मार्केटात आता सगळे ‘मार्जिन’ म्हणतात. तुमच्या पुस्तकातही तो पाव इंचच असेल.

नवखा

व्वा काका! आईची माया, गोधडीची माया...

जुनी पेढी

अरे बाबा, कविता नको. माया कमी पडली तर शिवण उसवते, एवढंच म्हणतोय.

लोकरगुंडी

हिशेब कुणी केलाय का? बारा इंची चौक हवा तर माया धरून साडेबारा इंच कापायचा. तीन आडवे, चार उभे लावले तर ३६ बाय ४८ इंच. म्हणजे वर्षभर आठ जणींनी मान मोडून शिवलं की होणार दुपटं! मोठ्या माणसाला पांघरायची तर पाच बाय सहा, तीस चौक हवेत.

सुईदोरा

बाप रे. हे आधी का नाही सांगितलं? मग आता प्रत्येक महिन्याचे दोन चौक करू, एक सणाचा, एक झाडाचा. चोवीस झाले. उरलेले सहा सहा ऋतूंचे. तीस! काठपदर, तुमचे सहा ऋतू उपयोगाला आले.

‘चौक’ घेतला. ‘बोळ’ही घेतला, पण मावशींना तो पटलेला नाही. त्या म्हणतात, “पट्टीला पट्टी म्हणा, उगाच गल्लीबोळात कशाला शिरता?” ‘माया’ तर लगेच रुळली. काल एकीनं दुसरीला ओरडून सांगितलं, “अगं, माया किती ठेवलीस? दिसतच नाही!” आणि बाजूच्या खोलीतून तिचे यजमान खाकरले.

गुरुवारसाठी भाद्रपदाचे दोन्ही चौक माळवणकरताईंनी घेतलेत, एक संजाचा, एक दुर्वांचा. ज्येष्ठाचा वड कुणीच घ्यायला तयार नाही. खोड आणि पानं जोडून होतात, पारंब्यांचं काय करायचं ते सांगा. दोऱ्यानं साखळीटाका घातला तर त्या फार सरळ, शिस्तीत लोंबतात. कापडाच्या बारीक पट्ट्या वळून बसवल्या तर धुतल्यावर दशा निघतील असं काकांचं म्हणणं आहे.

लोकरगुंडी

पट्ट्या तिरक्या कापा, दशा निघणार नाहीत. गोटाला कापतात तशा.