सी वन ॲडव्हान्स्डची तयारी : नागपूरकरांचे अनुभव

केंब्रिजची ही इंग्रजी भाषेची परीक्षा विद्यापीठात शिकत असताना ज्यांनी दिली, त्यांनी आपले अनुभव सविस्तर सांगावेत. गुणांपेक्षा तयारी कुठे अडली, हे कळले तर अधिक उपयोग होईल. सुरुवात मीच करते.

अमरावती रोडच्या विद्यापीठ परिसरात इंग्रजीत एम.ए. करीत असल्याने मला वाचन आणि भाषावापराच्या पेपरची धास्ती नव्हती. पण ९० मिनिटांत ५६ प्रश्न सोडवताना भंबेरी उडाली ती अवघड शब्दांनी नव्हे, तर ‘द’, ‘ऑफ’, ‘अबाउट’ अशा क्षुल्लक वाटणाऱ्या शब्दांनी. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ आपोआप येते आणि इंग्रजीत ते चूक असूनही कानाला खटकत नाही. चौथ्या भागात दिलेला शब्द न बदलता तीन ते सहा शब्दांत वाक्य पूर्ण करायचे असते आणि ‘डोन्ट’ हे तेथे दोन शब्द धरतात, हे मला बऱ्याच सराव प्रश्नपत्रिका वाया घालवल्यावर समजले. त्यानंतर मी नियम पाठ करणे सोडले आणि चुकलेले प्रत्येक वाक्य दुरुस्त करून वहीत उतरवू लागले.

धरमपेठ : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी. माझा घात निबंधाने केला. शाळेत निबंधाची सुरुवात सुभाषिताने करण्याची सवय लागलेली. येथे २२० ते २६० शब्दांत, दिलेल्या तीनपैकी दोनच मुद्द्यांवर बाजू मांडायची असते. मी तिन्ही कोंबत असे, त्यामुळे एकाचाही विस्तार होत नसे.

महाल : श्रवणाचा सराव मे महिन्यात केला. कूलरच्या घरघरीत शब्दांची शेवटची अक्षरे ऐकू येत नसत, म्हणून चाळीस मिनिटे तो बंद ठेवावा लागे. घरच्यांचा रोष अर्थातच ओढवला. ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात, एवढाच दिलासा.

रामदासपेठ : तोंडी परीक्षा जोडीने होते, हे लक्षात घेऊन मी मैत्रिणीसह फुटाळा तलावाच्या काठावर बोलण्याचा सराव केला. तिसऱ्या भागात दोघींनी मिळून चर्चा करायची असते. समोरची बोलत असताना मध्ये बोलू नये, या वळणाची मी, त्यामुळे आरंभी गप्पच बसत असे. शेवटी आम्ही ठरवले, की प्रत्येकीने आपले मत एका वाक्यात मांडून लगेच दुसरीला प्रश्न विचारायचा. परीक्षेच्या दिवशी जोडीदार अनोळखी होता, तरी ही सवय कामी आली.