गावच्या महायुद्ध-पाटीची शंभरी: नावं कुठून मिळतील?

घाटवळण:
चिपळूण तालुक्यातलं गाव. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. १९१४-१९१९ च्या महायुद्धाला किती गेले नि किती कामी आले, एवढे दोन आकडे. नाव एकही नाही. येत्या ११ नोव्हेंबर २०१८ ला ग्रामपंचायत, माजी सैनिक, मुंबईकर मंडळ आणि हायस्कूल मिळून कार्यक्रम करताहेत. नावं कशी शोधायची? पाटी काळी पडलीय, ती कशाने धुवायची?

जुनेकागद:
कामी आलेल्यांपासून सुरुवात करा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणजे महायुद्धांत कामी आलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था, तिच्या साइटवर शोध फुकट आहे. आडनावाने शोधू नका, कारकुनाने पवारचा पोवार, शिंदेचा सिंदे केलेला असू शकतो. जादा माहितीच्या रकान्यात गावाचं नाव पाच-सहा स्पेलिंगांनी टाका. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका सापडतो. तारीख ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत धरा, नाहीतर जखमांनी किंवा आजाराने मागाहून गेलेले सुटतात. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, त्यानंतर कैदेतही पुष्कळ गेले.

परत आलेल्यांसाठी घरोघरची पदकं बघा. नंबर, नाव, पलटण पदकाच्या कडेवर कोरलेली असते. चिंच-राखेने घासू नका, आधी कडच झिजते. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं निघालं तर माणूस बहुधा लेबर कोअरचा, म्हणजे फौजेच्या मजूर तुकडीतला, त्यालाही यादीत घ्या.

चुनाविटा:
पाटीला अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर, लिंबू काही लावू नका. संगमरवर म्हणजे चुनखडीच, आंबट लागलं की अक्षरांच्या कडा विरघळतात. साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. दगड आधी पुरता भिजवा, मग खालून वर घासत जा. वरून सुरू केलंत तर कोरड्या भागावर ओघळ उमटतात. अक्षरं लागत नसतील तर अंधार पडल्यावर टॉर्च अगदी कडेने मारून फोटो घ्या. भोवती सिमेंट थापू नका. जांभ्याच्या भिंतीतली ओल मग पाटीतूनच बाहेर पडते नि पापुद्रे सुटतात. चुना-वाळू १:३ पुरे.

तिठ्यावरचा:
समितीत चार संस्थांचे चार अध्यक्ष बसवलेत तर अर्धा गाव बाहेर राहील. वाडीगणिक एक माणूस घ्या. बौद्धवाडी आणि मोहल्ला पहिल्या बैठकीपासून हवेत. १११ महार पलटण १९१७ ला उभी राहिली होती. जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे, नावं दोन हजारांच्या वर. मुंबईकर मंडळाकडे वर्गणीबरोबर तिथली नावं बघायचं कामही द्या.

कच्ची यादी पंधरा दिवस चावडीवर लावा, हरकती लेखी घ्या. त्याआधी नावांचा नवा ग्रॅनाइट दगड कोरायला टाकू नका. कोरलेलं नाव खोडता येत नाही, आणि राहून गेलेल्या नावावरून भांडण ठरलेलं. नवा दगड जुन्या पाटीच्या शेजारी, तिच्यावर नको.

बिगुलवाल्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला महिनाभर आधी पत्र द्या. भाऊबीज ९ ला, ११ ला रविवार. चाकरमानी गावातच असतील.

घाटवळण:
युद्ध १९१८ ला संपलं, मग पाटीवर १९१९ कसं?

जुनेकागद:
११ नोव्हेंबरला फक्त युद्धबंदी झाली. जर्मनीशी युद्ध रीतसर संपवणारा व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. दिवाळीपर्यंत यादी पक्की नाही झाली, तर २८ जून २०१९ हीही शंभरीचीच तारीख. पण तेव्हा लावणीचे दिवस, मुंबईकर सोडाच, गावातलेही येणार नाहीत.